पियानोचा पहिला सूर येईपर्यंत

संगीताची भीती वाटू शकते हे मला कळलं तेव्हा मी नववीत असेन. डिचोलीला आमच्या बिऱ्हाडापासून थोडं खाली, कपेलाकडे, म्हणजे छोट्या चर्चकडे, जाणाऱ्या रस्त्यावर एक वयस्कर ख्रिश्चन बाई एकट्या राहायच्या. पोर्तुगिजांच्या काळात त्या लिस्बनला जाऊन पियानो शिकून आल्या होत्या. नंतर शाळेत मुलांना गाणं शिकवून निवृत्त झाल्या. सगळं गाव त्यांना टीचर म्हणायचं. माझी आई त्यांचे कपडे शिवायची. एकदा लहानपणी आईबरोबर गेले असताना मी त्यांच्या पियानोवर बोट ठेवलं. आई ओरडली. टीचरनी मात्र माझं बोट उचललं आणि शेजारच्या पट्टीवर नेऊन ठेवलं. तिथून माझं शिकणं सुरू झालं.

नववीत असताना एका दुपारी त्यांनी मला जनेलाजवळच्या (खिडकीला त्या जनेल म्हणत) खुर्चीत बसवलं आणि रेकॉर्ड लावली.

"आयक," त्या म्हणाल्या. "हाका कॉन्चेर्तो म्हणटात. एका पियानाची आनी सगळ्या ऑर्केस्ट्राची गजाल."

गजाल म्हणजे गप्पा, म्हणून मी पियानोची वाट पाहत बसले. तो येईना. खालच्या पट्टीत व्हायोलिनं हळू आवाजात काहीतरी कुजबुजत होती, जणू घरात कुणी आजारी आहे. मग एकेक वाद्य त्यात शिरत गेलं, आवाज वाढत गेला, नगारे वाजले, आणि आता कान फुटतात की काय असं वाटेपर्यंत सगळं वर चढून एकदम थांबलं. त्या शांततेत एकटा पियानो उठला आणि तळापासून वरपर्यंत धावत गेला. माझ्या हातांवर काटा आला. मी खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "टीचर, मी घरी जाते."

"कित्याक गो?"

"भीती वाटते."

त्या हसल्या नाहीत. रेकॉर्डवरची सुई उचलत म्हणाल्या, "बरें. म्हणजे तुवें आयकलें."

माझ्या घरात असलं काही कुणी ऐकलेलं नव्हतं. बाबा मूळचे सिंधुदुर्गातले. खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रक चालवायला गोव्यात आले आणि डिचोलीतच राहिले. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा लाल मातीने माखलेल्या असायच्या. आंघोळ करून ते देवळात भजनाला पेटी वाजवायला जात. पेडण्याकडच्या जत्रांत नाटक असलं तर तिकडेही त्यांना बोलावणं असायचं. पेटी ते कुणाकडे शिकले नव्हते, ऐकून ऐकून वाजवत. मी पियानो शिकते याचं त्यांना कौतुक होतं. पण मी काय वाजवते ते त्यांना कळत नसे आणि तसं ते सांगूनही टाकत.

मी मोठी झाले. कारापूरच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. शाळा सुटली की टीचरकडे जायची सवय तशीच राहिली. ज्या रेकॉर्डला घाबरून मी उठले होते, त्याच कॉन्चेर्तोतला पियानोचा भाग टीचरनी मला हळूहळू शिकवला. तुकड्यातुकड्यांनी, वर्षानुवर्षं. मला वाटायचं, हे फक्त आमच्या दोघींचं आहे. त्या खोलीबाहेर ते कधी जायचं नाही. म्हणूनच मी ते न घाबरता वाजवू शकत होते.

मग एका संध्याकाळी त्यांच्याकडे म्हापशाहून एक गृहस्थ आले. टीचरचे लहानपणचे वर्गमित्र. पणजीत त्यांनी एक वाद्यवृंद जमवला होता. चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणारे, संगीताचे शिक्षक, काही विद्यार्थी, आणि कमी पडतील तेवढे मुंबईहून. कार्यक्रम ठरला होता, सभागृह मिळालं होतं. पियानो वाजवणारा तरुण मात्र शिष्यवृत्ती मिळून पोर्तुगालला निघून गेला होता. ते टीचरना विचारायला आले होते.

टीचरनी आपले हात त्यांच्यासमोर मेजावर पालथे ठेवले. सांधे सुजून बोटं एका बाजूला वळली होती.

"म्हजीं बोटां गेलीं," त्या म्हणाल्या. "पूण म्हजें एक चेडूं आसा."

ते चेडूं म्हणजे मी. मी आत चहा करत होते. हातातलं भांडं तसंच धरून मी दारात आले आणि म्हणाले, "नाही, टीचर. मला जमणार नाही."

त्या गृहस्थांनी मला पियानोवर बसायला सांगितलं. मी बसले, वाजवलं. त्यांनी मधेच थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "वाद्यवृंदाबरोबर कधी वाजवलंयस?"

"नाही."

"ऐकलाय? समोर बसून?"

"नाही."

त्यांनी टीचरकडे पाहिलं. टीचर म्हणाल्या, "आतां आयकतली."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आई म्हणाली, नको वाटत असेल तर उद्या जाऊन सांगून ये, त्यात काय. मी दुसऱ्या दिवशी तेच सांगायला गेले. टीचर सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "बस. सुरवात कर." आणि मी सुरुवात केली. नाही म्हणायचं राहूनच गेलं.

अडचण अशी होती की कॉन्चेर्तो एकट्याने वाजवून भागत नाही. पियानो सुरू होण्याआधी वाद्यवृंद बराच वेळ वाजतो. तेवढा वेळ हात मांडीवर ठेवून बसायचं, आणि नेमक्या क्षणी उडी घ्यायची. ती उडी शिकायची तर वाद्यवृंदाचा भाग कुणीतरी वाजवायला हवा. टीचरच्या हातांना ते जमत नव्हतं आणि घरात दुसरा पियानो नव्हता. आम्ही दोघी यावर बोलत असताना बाबा मला न्यायला आले होते. ते बाहेर बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, बसून राहायचे, आत यायचे नाहीत. तिथूनच त्यांनी विचारलं, "पेटी चालेल काय?"

टीचर हसून म्हणाल्या, "पेटी? ऑर्केस्ट्राक?" आणि मग एकदम गंभीर झाल्या. "चलतली."

टीचरनी रेकॉर्डवरून कॅसेट भरून घेतली. बाबा ती ट्रकमध्ये लावून खाणीपासून जेटीपर्यंत आणि जेटीपासून खाणीपर्यंत ऐकत राहिले. बाकीचे ड्रायव्हर त्यांना विचारायचे, कुणाच्या मयताचं वाजवतोस? बाबा म्हणायचे, माझ्या मुलीचं आहे. मयत की गाणं, ते सांगायचे नाहीत.

पंधरवड्यानंतर ते पेटी खांद्यावर घेऊन टीचरच्या घरी आले आणि जमिनीवर बसले. त्यांनी जे वाजवलं त्यात नगारे नव्हते, बासऱ्या नव्हत्या. खालची व्हायोलिनं आणि वरची व्हायोलिनं एकाच हातात कोंबलेली होती. अधूनमधून एखादी हरकत थेट भजनातून येत होती. पेटी आणि पियानो यांचे सूरही पुरते जुळत नव्हते. टीचर कानांवर हात ठेवत आणि पुन्हा काढत. पण सगळं क्रमाने होतं. आणि मला दर वेळी भीती वाटायची ती नेमकी तिथेच, बाबांचा शेवटचा सूर संपायच्या आधी. मी हमखास लवकर शिरायचे.

"राव," टीचर म्हणायच्या. "राव गो. तांकां सोंपोवपाक दी."

त्यांना संपवू द्यायचं, तोवर थांबायचं, तेच जमेना. वाजवताना बोटांना काम असतं. थांबताना भीतीला काम मिळतं. मला ऐकू यायची ती माझ्याच छातीतली धडधड, आणि तिच्या चालीवर मी चुकीच्या जागी उडी घ्यायचे.

त्याच दिवसांत भाषेचा वाद पेटला. गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, यावर घराघरांत बोलणी तुटली. आमच्या भागात मराठीचा जोर. शाळा मराठी, भजन मराठी, नाटक मराठी. बाबा मराठीच्या मोर्चाला पणजीला जाऊन आले होते. टीचर कोंकणीचा बिल्ला झग्यावर लावून फिरायच्या. आणि आठवड्यातून तीनदा ही दोन माणसं एका खोलीत बसून माझ्यासाठी वाजवत होती. एकदाच त्यांचं वाजलं. बाबा बिल्ल्याकडे बघत म्हणाले, "टीचर, लहानपणापासून मी ज्या भाषेत देवाचं नाव घेतो, ती माझी नव्हे म्हणता?"

"आनी घरांत पेज मागता ती खंयची भास?" टीचरनी विचारलं.

बाबांनी पेटीच्या पट्ट्यांवरची बोटं उचलली. भाता तसाच हलत राहिला, सूर न लागता नुसती हवा येत राहिली. मी पियानोकडे तोंड करून बसले होते. मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती. वाटलं, आता बाबा पेटी उचलून निघून जाणार. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पुढचं घेऊया?" आणि टीचर म्हणाल्या, "घेवया."

बाहेरची माणसं एवढ्यावर सोडणारी नव्हती. एका संध्याकाळी बाबांच्या ओळखीचे दोघे घरी आले. आत बसले नाहीत, चहा घेतला नाही. एकाने विचारलं, "तुझी पोर अजून तिच्याकडे जाते?"

"शिकायला जाते," बाबा म्हणाले.

"सध्या नको पाठवू. बरं दिसत नाही."

"कोणाला?"

तो पाठ फिरवून चालायला लागला. जाताना दुसरा माझ्याकडे बघून म्हणाला, "सांभाळून जा-ये करत जा गो." आवाज अगदी साधा होता, काळजीचाही असेल. मला मात्र त्या रस्त्याने चालताना पाठीत गार लागायला लागलं. त्याच आठवड्यात टीचरच्या जनेलाची एक काच फुटली. कुणी दगड मारला ते कळलं नाही. टीचरनी तिथे पुठ्ठा लावला आणि पियानो आतल्या भिंतीकडे सरकवून घेतला. आई म्हणाली, पुरे झालं आता. बाबा म्हणाले, पोरीला विचार. दोघं माझ्याकडे बघत राहिले. मनातून मी देवाला सांगत होते, कार्यक्रमच रद्द होऊ दे, म्हणजे मला काही बोलावं लागणार नाही. तोंडातून निघालं, "तालमीला जायला हवं."

वाद्यवृंदाबरोबरची तालीम पणजीला ठरली होती. बसचा भरवसा नव्हता. बाबांनी मालकाला विचारून रिकामा ट्रक घेतला. टीचर चांगला निळा झगा घालून, पर्स मांडीवर घेऊन, बाबांच्या आणि माझ्या मधे बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ट्रकमध्ये चढले म्हणाल्या.

म्हापशाच्या अलीकडे रस्त्यावर झाड आडवं पडलेलं दिसलं. त्याच्या पुढे टायर जळत होते. धूर एवढा काळा होता की पलीकडची माणसं अर्धी दिसत होती. बाबांनी वेग कमी केला, तोवर कोंकणीच्या आंदोलनातले चारपाच जण धावत आले. एक पायरीवर चढला आणि खिडकीतून आत डोकं घातलं. माझ्या वयाचाच असावा. घामाने निथळत होता.

"खंय वता?"

बाबांनी तोंड उघडलं, पण टीचर आधी बोलल्या. "पणजे. वाजोवपाक."

"कितें वाजोवपाक?"

"पियान."

तो क्षणभर टीचरकडे बघत राहिला. असं उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. त्याने ट्रकमध्ये नजर फिरवली, बाबांकडे बघितलं आणि विचारलं, "हो खंयचो?" बाबा गोव्यातले नाहीत हे त्यांनी तोंड उघडलं असतं तर लगेच कळलं असतं. टीचरनी बाबांच्या हातावर हात ठेवला. "म्हज्या घरचो," त्या म्हणाल्या.

"परत वचात," तो म्हणाला. "फुडें आनीक वायट आसा." आणि खाली उतरला.

बाबांनी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात धुरातून कुठूनतरी एक दगड आला आणि समोरची काच खळकन फुटली. टीचर किंचाळल्या. मला आठवतं ते एवढंच, की मी दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. तोंड उघडंच होतं, डोळे उघडेच होते, केसांत काचेचा चुरा पडला होता, आणि मी हात लपवून बसले होते. बाबांनी कसाबसा ट्रक वळवला. परतीच्या वाटेवर ते दर वळणाआधी गाडी थांबवून पुढे बघून घ्यायचे. बाबांना मी तोपर्यंत कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. डिचोली आली तेव्हा टीचर माझ्या काखेकडे बघत म्हणाल्या, "हात काड गो आतां." मी बाहेर काढले. एक ओरखडासुद्धा नव्हता. मला हे वाजवायचं आहे, हे मला तिथे, त्या फुटक्या काचेच्या ट्रकमध्ये कळलं. कळून बरं वाटलं नाही. आता सुटका नाही, एवढंच वाटलं.

तालीम पुन्हा ठरली नाही. वातावरण जरा निवल्यावर कार्यक्रमाचा दिवस आला. आई घरीच थांबली. म्हणाली, मला बघवणार नाही. आम्ही तिघं सकाळच्या बसने बेतीला गेलो. मांडवीचा पूल पडलेला होता, सगळा गोवा तिथून फेरीबोटीने पणजीत जात होता. गर्दीत स्कूटर आणि माशांच्या टोपल्या यांच्यामध्ये उभी राहून मी साडीवरून बोटं चालवत होते. फेरी पलीकडे लागायच्या आधी मला वाटलं की मला पहिला तुकडा आठवतच नाही. मी आठवत गेले तसा तो अजून विसरत गेला. मी टीचरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "डोकें विसरता. बोटां विसरनात." त्यांच्या वळलेल्या बोटांकडे बघून मला त्यावर विश्वास ठेवावासा वाटला.

सभागृहात वाद्यवृंद बसलेला होता. एवढी माणसं! मला वाटलं होतं दहाबारा असतील. टीचरचे ते वर्गमित्र समोर उभे होते, त्यांच्या हातात छोटी काठी होती. पियानो काळा, लांबलचक, वरचं झाकण उघडलेलं. टीचरच्या घरच्या पियानोशेजारी तो ठेवला असता तर त्यांची खोली भरून गेली असती. "आपल्याकडे वेळ कमी आहे," ते मला म्हणाले. "सुरुवात करून बघूया."

मी बसले. त्यांनी काठी हलवली.

तो आवाज माझ्या कानांनी ऐकलाच नाही. तो जमिनीतून आला, स्टुलाच्या पायांतून वर चढला आणि माझ्या पोटात शिरला. माझ्या पाठीमागे, बाजूला, सगळीकडे माणसं धनुष्यं ओढत होती आणि सगळी मिळून श्वास घेत होती. रेकॉर्डवर ऐकलेलं, पेटीवर ऐकलेलं, त्यातलं काही मला ओळखू येईना. कुठे आलोत? आता किती उरलं? नगारे वाजले तेव्हा मी दचकून पियानोची कड धरली. सगळं चढत चढत गेलं आणि थांबलं. माझी जागा आली. मी हलले नाही.

"पुन्हा," ते म्हणाले.

दुसऱ्यांदा मी फार लवकर शिरले. व्हायोलिन वाजवणारी एक बाई हसली, वाईट हेतूने नसेल. मी उठले, पडद्यामागे गेले आणि मागच्या दारापाशी पायऱ्यांवर बसून ओकले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. नुसतं पाणी आलं.

आत बोलणं चाललेलं ऐकू येत होतं. कॉन्चेर्तो गाळायचा का, असं कुणीतरी विचारत होतं. मला वाटलं, हो म्हणा. कुणीतरी हो म्हणा.

बाबा मला शोधत आले. ते सभागृहात शेवटच्या रांगेत बसले होते. माझ्या शेजारी पायरीवर बसले. मला वाटलं धीर देतील. ते आपल्या हातांकडे बघत बसले होते.

"ह्यां एवढां होतां?" ते म्हणाले. "मी ह्यांच वाजवत होतंय?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसतही होते. एवढे महिने त्यांनी पेटीवर जे ओढलं होतं, त्याचा खरा आकार त्यांना आज कळला होता. ते घाबरलेले नव्हते. त्यांना आणखी ऐकायचं होतं. मला रागच आला.

"तुम्हाला वाजवायचं नाही," मी म्हणाले. "म्हणून हसू येतं."

"नाही वाजवायचं," ते म्हणाले. "माझ्याने होणारच नाही. मला तर तिथं स्टुलावर बसायलाच भीती वाटली असती." मग थोड्या वेळाने, "नको वाटत असेल तर घरी जाऊया. फेरी आहे."

ते खरंच म्हणत होते. त्यांच्या आवाजात आग्रह नव्हता. मी उठून गेले असते तर त्यांनी माझी पिशवी उचलली असती आणि पुन्हा कधी विषयसुद्धा काढला नसता. का कोण जाणे, ते कळल्यावर मला जरा श्वास आला.

तेवढ्यात काठीवाले गृहस्थ स्वतःच मागे आले. टीचर त्यांच्यामागे होत्या. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाय, ऐक. मोजत बसू नकोस. आम्ही थांबलो की मी तुझ्याकडे बघेन. तू वाजवेपर्यंत बघत राहीन. सगळे थांबतील. कुणी उठून जाणार नाही."

"आणि मी वाजवलंच नाही तर?"

"तर मी म्हाताऱ्यासारखा तसाच उभा राहीन," ते म्हणाले. "लोक मलाच हसतील."

टीचरनी रुमाल ओला करून माझं तोंड पुसलं.

संध्याकाळी सभागृह पूर्ण भरलं नव्हतं. बरेच लोक घराबाहेर पडायला अजून बिचकत होते. तरी मला ती गर्दीच वाटली. मी स्टेजवर गेले तेव्हा टाळ्या झाल्या. मला त्या कुणा दुसऱ्यासाठी आहेत असं वाटलं. मी बसले. हात मांडीवर ठेवले. खालची व्हायोलिनं सुरू झाली.

भीती गेली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे कितीतरी विद्यार्थ्यांनी मला विचारलं, मग ती कधी गेली? ती गेली नाही. आवाज पुन्हा जमिनीतून आला, पोटात शिरला. पण या वेळी मी त्याच्यातून पळवाट शोधत नव्हते. मी एकेक वाद्य येताना बघत होते. बासरीवाला गाल फुगवून थांबलेला, त्याच्याही कपाळावर घाम. नगारेवाल्याने काठ्या उचलल्या तेव्हा मी आधीच दचकून घेतलं. सगळं चढलं, चढलं आणि थांबलं. मी वर बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. खरोखरच, कितीही वेळ उभे राहतील असे.

मी हात उचलले. बोटं तळापासून वर धावली.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पियानो एक वाक्य म्हणायचा आणि मागून वाद्यवृंद त्याला उत्तर द्यायचा, एवढा मोठा की मला प्रत्येक वेळी वाटायचं आता मी त्याच्याखाली चेपणार. आणि प्रत्येक वेळी तो मागे सरायचा आणि मला जागा करून द्यायचा. पेटीवर बाबा मला जागा द्यायचे तेव्हा त्याची किंमत कळली नव्हती. एका माणसाने थांबणं निराळं. एवढ्या माणसांनी एकदम श्वास रोखून थांबणं, तेही माझ्यासाठी, ही गोष्ट मला सोसवत नव्हती.

पहिल्या भागाच्या शेवटी एक जागा येते. तिथे सगळा वाद्यवृंद थांबतो आणि पियानो बराच वेळ एकटाच वाजतो. त्याला कादेन्झा म्हणतात. शेवटी पियानो एक लांब, थरथरता सूर धरतो. वाद्यवृंदाने परत यावं, याची ती खूण. त्या एकटेपणात मी वाट चुकले. एक वळण मी दोनदा घेतलं, आणि दुसऱ्यांदा घेतल्यावर पुढे काय ते कोरं झालं. बोटं चालू होती. ती कुठेतरी जात होती, पण टीचरनी शिकवलेल्या रस्त्याने नव्हे. समोर काठी हवेत थांबलेली. कुणी खोकलंसुद्धा नाही. मी थांबले असते तर ती शांतता कुणालाच मोडता आली नसती. तेव्हा मी न थांबता त्याच सुरांभोवती फिरत राहिले. एकदा वरून, एकदा खालून. देवळात बाबा अभंगाची ओळ विसरले की अशीच पेटी फिरवत राहायचे. मानेवरून घाम ओघळून पाठीत गेलेला मला कळत होता. मग उजव्या हाताखाली तो थरथरता सूर सापडला. मी तो घट्ट धरला. गरजेपेक्षा लांब धरला, कारण सोडायची भीती वाटत होती. काठी खाली आली आणि सगळे माझ्याभोवती परत आले.

त्या क्षणी मला रडू फुटलं. वाजवत असतानाच. पुढचे सगळे स्वर मी ओल्या डोळ्यांनीच वाजवले.

मधला संथ भाग आणि शेवटचा वेगवान भाग कसे गेले ते मला नीटसं सांगता येणार नाही. संपलं तेव्हा माझी बोटं पट्ट्यांवरच राहिली होती. काठीवाल्या गृहस्थांनी येऊन माझा कोपर धरून मला उभं केलं. मी वाकले ते नमस्कार म्हणून की तोल जाऊन, कुणास ठाऊक. शेवटच्या रांगेत बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते, हात डोक्याच्या वर नेऊन, आरतीला वाजवतात तशा. टीचर पहिल्या रांगेत बसूनच होत्या. त्यांच्या हातांना टाळ्या जमत नसत.

मागे आल्यावर टीचर म्हणाल्या, "कादेन्झांत खंय गेल्लें तूं?"

"चुकले, टीचर."

"म्हाका खबर आसा." त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांचे तळवेही गार पडले होते. "म्हजो जीव गेल्लो गो."

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. बाबांनी बूट काढायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. वाद्यं किती, माणसं किती, आवाज कसा. आईने त्यांना थांबवून मला विचारलं, "तुका भीती वाटली?"

"हो."

"गेली मा पण?"

"नाही."

तिने जरा विचार केला. "जेव आधी," ती म्हणाली आणि भात वाढला. मी घास कालवून तसाच धरून बसले. तिने मला लहानपणीसारखं भरवलं.

पुढे भाषेचा कायदा झाला, कोंकणी राजभाषा झाली, मराठी वापरायचीही मुभा राहिली, गोवा घटकराज्य झालं. बाबा आणि टीचर दोघांनाही वाटत राहिलं की आपलं अर्धंच झालं. त्यावर ते भांडत आणि चहा पीत राहिले. त्याच पावसाळ्यात काठीवाल्या गृहस्थांचा निरोप आला. मडगावला पुन्हा कार्यक्रम करायचा होता, तोच कॉन्चेर्तो. मी येईन का?

निरोप घेऊन आलेला माणूस शाळेच्या व्हरांड्यात उभा होता. आत मुलं पाढे म्हणत होती. मी "हो" म्हणाले. तो सायकलवर बसून फाटकाबाहेर गेला आणि मग माझे हात गार पडले. त्याला हाक मारून परत बोलवायला मी फाटकापर्यंत गेले. तो अजून लांब गेला नव्हता. मी हाक मारली नाही. फाटकाची कडी धरून उभी राहिले आणि त्याला वळणापलीकडे जाऊ दिलं.